न आलेल्या डीप फ्रीझरला जाहीर पत्र

चि. डीप फ्रीझर (उभा, वजा वीस अंश) यास अनेक आशीर्वाद.

तू सध्या कुठल्या गोदामात आहेस ठाऊक नाही, म्हणून हे पत्र जाहीर. पत्रास कारण की, तुझं येणं रहित झालं आहे. गणपती नुकतेच गेले होते, शुक्रवार होता, आणि संध्याकाळी पाचला, म्हणजे उलट विचारायला पलीकडे कोणी उरणार नाही अशा बेताने, ईमेल आला. अनुदान देणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. पुन्हा त्यांच्याच दारात जायचं आहे.

तुझ्यासाठी काय केलं नाही ते सांग. कोपऱ्यातलं जुनं लाकडी कपाट हलवलं, त्यातल्या फॉर्मॅलिनच्या बरण्या जिन्याखाली नेल्या. पंधरा अँपिअरचा पॉइंट पदरच्या पैशांनी काढून घेतला. वायरमनने विचारलं, "एसी बसवताय काय सर?" मी ऐटीत म्हणालो, "त्याहून थंड." तीन कोटेशनं मागवली. त्यातली दोन एकाच माणसाने दोन लेटरहेडवर दिली असावीत, कारण 'कॉम्प्रेसर'चं स्पेलिंग दोन्हींत सारखंच चुकलं होतं. त्यानंतर प्राचार्यांची सही, संस्थेचा ठराव, आणि पुढची तीन वर्षं महिन्या-महिन्याने काय शोध लागणार याचा रंगीत तक्ता. कोकणात पाऊस कधी येईल ते वेधशाळा सांगू शकत नाही, पण तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात माझे निष्कर्ष येणार होते.

विषय तुला माहीतच आहे, तुझ्याच पोटात तो राहणार होता. आमच्या कातळसड्यावर पावसाळ्यात सीतेची आसवं फुलतात. बोटभर मातीत नत्र नावाला, म्हणून ही झाडं जमिनीखाली बारीक फुगे धरतात आणि त्यात सूक्ष्म जीव ओढून घेतात, एका मिलिसेकंदाच्या आत. खाली हा उद्योग आणि वर निळं, अगदी साळसूद फूल. सरींच्या उघडिपीत त्या फुलावर कोण येतं आणि त्याच्यावाचून बी धरतं का, एवढं मला पाहायचं होतं.

तज्ज्ञ समितीचा पहिला शेरा: महाविद्यालयात पुरेशी साधनसामग्री दिसत नाही. बाळा, ती साधनसामग्री म्हणजे तूच. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण समितीने इतक्या शुद्ध कार्यालयीन भाषेत उतरवलेली मी प्रथमच पाहिली. दुसरा शेरा: विषयाचं राष्ट्रीय महत्त्व स्पष्ट होत नाही. बरोबर आहे. तलाठ्याच्या सातबाऱ्यावर सडा 'पोटखराबा' आहे. दिल्लीला त्यात जास्त काही दिसावं अशी अपेक्षा मीच कशी धरली?

सांत्वनाला सहकारी येऊन गेले. प्रत्येकाने कातालिन कारिको सांगितल्या: त्यांचेही अर्ज नाकारले, विद्यापीठाने खालच्या पदावर आणलं, आणि २०२३ साली नोबेल. ऐकून बरं वाटतं. फक्त नाकारलेल्या आणि पुढे काहीच न मिळालेल्यांची नावं कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात २०१२ साली आरोग्य संशोधनाच्या एका फेरीचे अर्ज लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षं गेली, असा हिशोब तिथल्याच लोकांनी मांडला. पाचातले चार अर्ज नापास. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन मंडळाने तर २०१३ पासून एका योजनेत पात्र अर्जांतून सरळ चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात, त्यातलाच प्रकार. देवी निदान दीड वर्ष लावत नाही. उजवा की डावा, तिथल्या तिथे.

आता एक गोष्ट रागावणार नसशील तर सांगतो. तिसरा शेरा होता एका ओळीचा: जाळी बांधून कीटकांपासून झाकलेल्या फुलांशी तुलना का नाही? मी दोन दिवस त्या माणसाला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी अर्ज उघडला. तुझ्या वर्णनाला अर्धं पान होतं, स्टॅबिलायझरसकट. झाकलेल्या फुलांवर एक ओळसुद्धा नव्हती. आणि तुझ्यात ठेवायची ती पानं सिलिका जेलमध्ये, नव्या बुटांच्या खोक्यात निघते त्याच पुडीतल्या, वाळवली तरी डीएनए टिकतो, हे मला तुझ्याआधीपासून माहीत होतं. पण सिलिका जेलने अर्ज वजनदार दिसत नाही ना.

तर सौ.च्या जुन्या ओढणीच्या नेटच्या चाळीस पिशव्या शिवल्या. दर रविवारी छत्री, स्टूल आणि वही घेऊन सड्यावर बसतो. गुराखी पोरगा पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या रविवारी त्याने येऊन माश्या मोजल्या. निळ्या पट्ट्यांची एक माशी माझ्याआधी त्याला दिसली. बोंडं अजून हिरवी आहेत, त्यामुळे आत काय आहे ते विचारू नकोस.

तुझ्या जागी सध्या शिपाईमामांची सायकल असते आणि पॉइंटवर सगळ्या स्टाफचे मोबाईल चार्ज होतात.

कळावे,
तुझा होऊ न शकलेला मालक

ता. क. नवी जाहिरात आली आहे. जुन्या कोटेशनांची मुदत संपली, तिन्ही ताजी हवीत. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "सर, यंदा खरंच घेणार आहात का?" मी म्हटलं, तू कॉम्प्रेसरचं स्पेलिंग तेवढं बघ.