पूर्वीपासूनची घराणी

झाडीपट्टीत लग्नाची बोलणी निघाली की मुलाच्या पगाराआधी त्याच्या पणजोबांची चौकशी होते. "मालगुजाराचं घर आहे," एवढं कानावर पडलं की बैठकीतली मंडळी सावरून बसतात. मग वाडा दाखवायचा. दिंडीदरवाजा, अंगण, धानाच्या कोठ्या, भिंतीवर सांबराची शिंगं आणि त्याखाली फेटा बांधलेल्या आजोबांची तसबीर. तसबिरीच्या काचेवर पावसाचा ओघळ असतो, पण पाहुण्याने छपराकडे बघायचं नसतं. घराणं किती जुनं, असं विचारलं तर "पूर्वीपासून" हे उत्तर ठरलेलं.

हे पूर्वीपासून नेमकं कुठून मोजायचं, ते मात्र ज्याच्या त्याच्या सोयीने ठरतं. गोंदियाजवळच्या कामठ्याची जमीनदारी घ्या. (कामठी नव्हे. कामठीला कॅन्टोन्मेंट आहे, कामठ्याला लहरीबाबांचा आश्रम.) ही जमीनदारी मुळात एका कुणबी घराण्याची. 1818 साली आप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव झाला, तेव्हा कामठ्याच्या चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. कॅप्टन गॉर्डन फौज घेऊन आला, कामठा पडला आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. तिथून त्या घराण्याचं पूर्वीपासून सुरू झालं. चिमणा पटेलांचं तिथेच संपलं.

गॉर्डन हे आडनाव स्कॉटलंडचं. त्यावरून दुसऱ्या एका स्कॉटिश साहेबाची आठवण होते. जॉर्ज कॅम्पबेल 1867 साली मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होऊन नागपूरला आले. गोंदियाचा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणजे यांच्याच अमलाखाली. हे फाइफ परगण्यातल्या एडनवूडचे कॅम्पबेल. तिकडे माणसाच्या नावामागे त्याच्या घराचं नाव लावलं की खानदान सिद्ध झालं. वाडा दाखवायची गरजच नाही, स्वयंपाकघरात काय शिजतंय ते कळायची भीती नाही. पद्धत चांगली आहे.

पण हे एडनवूड तरी किती पुरातन? आजोबा कूपर गावचे पाद्री. वडील ईस्ट इंडिया कंपनीत असिस्टंट सर्जन. काका जॉन मात्र वकिली करत करत 1859 साली लॉर्ड चॅन्सलर झाले. जुन्या चॅन्सलरांची चरित्रंही त्यांनी लिहिली, आणि त्या धसक्याने लोकांना मरणाची भीती जास्तच वाटू लागली अशी थट्टा तेव्हा चालायची. एडनवूडचं स्थळ आपल्याकडे आलं असतं तर मध्यस्थाने "चॅन्सलरांचा पुतण्या" एवढंच सांगितलं असतं. असिस्टंट सर्जन साखरपुड्यानंतर निघाले असते.

वडिलांच्या 'सर'कीची गोष्ट तर फारच रंगतदार. मताधिकार वाढवून मागण्यासाठी फाइफमध्ये दंगे झाले, त्यात शांतता राखली म्हणून 1833 साली त्यांना सर केलं. आणि 1875 साली त्याच फाइफमधल्या कर्कॉडीहून पोरगा मतं मिळवून खासदार झाला! लिबरल पक्षाचा, आणि मरेपर्यंत, म्हणजे 1892 पर्यंत, टिकला. संसदेत बोलायचे फार, सगळ्याच विषयांवर, त्यामुळे सभागृह कंटाळायचं. असे वक्ते आपल्याला परके नाहीत.

तरी या माणसाबद्दल माझ्या मनात एक ओलावा आहे. घर जमीनदाराचं, पण कळवळा कुळांचा. 1869 साली आयर्लंडच्या जमिनीवर पुस्तक लिहिलं, त्यात हिंदुस्थानातला अनुभव कामी आणला आणि कसणाऱ्याचा हक्क मांडला. भंडाऱ्या-नागपूरकडच्या कुळांचा त्यात थोडा तरी वाटा असेल, असं मी आपलं धरून चालतो. आपल्या कुळांना मात्र 1951 पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा मालगुजारी गेली, वाडे राहिले आणि तलाव सरकारकडे जाऊन 'मामा' झाले, म्हणजे माजी मालगुजारी.

घराण्याच्या बढतीचंच बोलायचं तर आमचा नवेगावबांधचा कोलू पाटील कोहळी कुणाला हार जाणार नाही. त्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरांच्या मधोमध पाणी अडवून तो अफाट तलाव बांधला. पाद्र्याच्या घरातून चॅन्सलर निघायला एक पिढी लागली. कोलू पाटील मात्र थेट देव झाला. तिथल्या टेकडीवर कोलासूर म्हणून तो पुजला जातो, आणि त्याचा वाडा कुठे होता हे दर्शनाला आलेलं कुणी विचारत नाही.