ते दोन सेकंद परत द्या

ध्वनिसंकलक महाशय,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. कुलपाच्या त्या जाहिरातीचं तुम्ही काय केलंत, ते मात्र लिहिणार आहे.

वीस सेकंदांची जाहिरात. रात्री एक चोर दाराच्या कुलपाशी झटतोय. लांब कुत्रं भुंकतंय, तार कुलपात खरखरतेय. मग कोंबडा आरवतो, नळाला पाणी येतं, आणि दूधवाला येऊन चोराच्याच हातात दोन पिशव्या ठेवतो: "वहिनी उठल्या की द्या." त्यानंतर दोन सेकंद काहीही नाही, फक्त चोराचा चेहरा. सगळा विनोद त्या दोन सेकंदांत होता. संहितेत मी 'शांतता' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

तुम्ही सुरुवातीपासून झायलोफोन वाजवत सुटलात. चोर वाकला की 'टुंई', घाम पुसला की 'बॉइंग'. तार, कोंबडा, नळ, सगळं त्याखाली गाडलं गेलं. रात्र सरली हे प्रेक्षकाला कानांनी कळायचं होतं. ते कळलंच नाही, तर दूधवाला उगवला कुठून? आणि माझ्या दोन सेकंदांत तुम्ही डबाबंद हशा ओतलात! हशाची पेटी 1950च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने बनवली, कारण स्टुडिओतले प्रेक्षक भलत्याच जागी हसायचे. आपल्या प्रेक्षकाला तर तुम्ही हसायची सवडच दिली नाहीत.

राम माधवानींनी केलेली 'हॅपीडेंट'ची राजवाड्याची जाहिरात पुन्हा पाहा. झुंबरात दिव्यांच्या जागी माणसं लटकलीत, त्यांच्या दातांचा उजेड पडतोय. आणि गाणं? दरबारात शोभेल असं, जीव ओतून गायलेलं. ते एकदाही डोळा मारत नाही. त्या गाण्याला ते अचाट जग खरं वाटतं, म्हणूनच आपल्याला हसू फुटतं.

तमाशात ढोलकीवाल्याची नजर सोंगाड्याच्या तोंडावर असते. तुमची नजर 'कॉमेडी' नावाच्या फोल्डरवर होती.

मूळ ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. कुत्रं, तार, कोंबडा, नळ, सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर. कुलूपवाल्यांनी पुन्हा मिक्सिंग करायला होकार दिलाय. बुधवारी या. ते फोल्डर घरी ठेवा. आणि दूधवाला बोलून गेला की कशालाही हात लावू नका.

जाहिरातीचा लेखक