वडखळची कोंडी

प्रेमात पडलेल्या माणसाला अलिबागला पोचायची घाई नसते. म्हणून लग्नाआधी वडखळ नाका आम्हा दोघांचा भलताच लाडका होता. गोव्याचा रस्ता सरळ, अलिबागचा उजवीकडे आणि दोन्हीकडच्या गाड्यांत डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर घुसलेले. लाल डबा थांबला की ड्रायव्हर इंजिन बंद करायचा. ते बंद झालं की आम्हाला आनंद व्हायचा, आणि बाकीची एसटी सरकारला शिव्या घालायची. खिडकीखालून काकडीवाली टोपली उंच धरायची. तिखटमीठ लावलेली एकच काकडी आम्ही दोघांत खायचो. त्याला आम्ही प्रेम म्हणायचो. खरं तर खिशात तेवढेच असायचे.

पुढे लग्न झालं, गाडी आली, काचा वर गेल्या. कोंडी तीच, पण आत 'तरी सांगत होते, पहाटे निघू' आणि 'गॅस बंद केलास ना?' एवढंच. काकड्या दोन, हिची बिनमिठाची, बीपीमुळे. २०११ साली पनवेल-इंदापूर चौपदरीकरण निघालं. आमच्यातलं गुलुगुलु ओसरलं, मुलं दहावी-बारावी झाली, तरी रस्ता आपला खणलेलाच. इतकी चिकाटी संसारात कोण दाखवतो?

वडखळचंही आमच्यासारखंच झालं. बायपास झाला आणि गोव्याला जाणारे बाहेरच्या बाहेर सटकू लागले. एकेकाळी इथल्या वड्यावर जीव टाकणारी हीच मंडळी! २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, तेव्हा अलिबागवाल्यांनाही पर्याय मिळाला. आम्हीही परवा गाडी बोटीत घालून गेलो. तासाभरात मांडवा. बोलायला वेळच नाही. बोलायचंही काही नव्हतं म्हणा.

परतताना ही म्हणाली, "रस्त्यानं जाऊ. पांढरे कांदे घ्यायचेत."

पांढऱ्या कांद्याच्या माळा मांडव्याच्या वाटेवरही टांगलेल्या असतात. मी काही बोललो नाही.

तिनं वडखळच्या अलीकडे माळ घेतली. वेणी घट्ट आहे का, कांदा अस्सल अलिबागचा आहे का, हे दाबून, हुंगून, भाव पाडून. पुढे पोलादाची गुंडाळी लादलेल्या ट्रेलरमागे व्यवस्थित अडकलो. मी इंजिन बंद केलं.

"एसी कशाला बंद केलास?" ही म्हणाली.