डॅशबोर्ड उघडा पडला हो!

ऐकलंत का, वैनी? पेडण्यात एका मुलाने म्हणे ऐन चवथीच्या सुट्टीत बापाच्या गाडीचा डॅशबोर्ड उपसला. नाव नको, घरची माणसं सज्जन आहेत. आई गणपतीवरच्या माटोळीला नारळ-सुपाऱ्या बांधतेय आणि चिरंजीव अंगणात फणस सोलावा तशी गाडी सोलतायत! कशासाठी, तर आत कंप्युटर बसवायला. तोही घरी जुळवलेला. म्हापशाच्या दुकानात तयार अँड्रॉइड स्टिरिओ बसवून मिळतो हे या लोकांना माहीत नाही असं नाही. माहीत आहे म्हणून तर राग येतो.

आता डिचोलीतही लागण झालीय म्हणतात.

या पापाचं मूळ शोधायला गेलात तर थेट इंग्लंडातल्या केंब्रिजला पोचाल. १९९९ च्या सुमारास तिथल्या मंडळींनी एम्पेग नावाचा गाडीतला प्लेअर काढला: आत हार्ड डिस्क आणि चक्क लिनक्स. मग १७ सेंटिमीटर चौरसाचे मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आले आणि जगभरचे हौशी ते सीटखाली दडवू लागले. २०१२ मध्ये आला रास्पबेरी पाय, एटीएम कार्डाएवढा, ३५ डॉलरचा. तोही केंब्रिजचाच! एका गावावर किती गुन्हे घालायचे?

आपलं गोव्याचं सरकार तरी कुठे नामानिराळं आहे? सायबरएज योजनेत अकरावीच्या पोरांच्या घरी संगणक धाडले ते पर्रीकरांच्या राजवटीत. (आयआयटीत शिकलेला मुख्यमंत्री, दुसरं काय होणार!) ती पोरं आता गाड्या घेण्याच्या वयाची झाली. शाळेत कोडिंग आणि रोबोटिक्स आणलं ते प्रमोद सावंतांच्या काळात, आणि ते तर डिचोली तालुक्यातलेच. म्हणजे पुढचा हंगामही पेरून ठेवलाय.

खरा तमाशा विजेचा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असलं की १४ च्या आसपास. या रास्पबेरी पठ्ठ्याला हवेत जेमतेम ५. म्हणून मध्ये कन्व्हर्टर. स्टार्टर फिरला की व्होल्टेज कोसळतं आणि कंप्युटर पुन्हा पहिल्यापासून उठतो. किल्ली फिरवून एकदम वीज तोडली तर मेमरी कार्डावरचं लिखाण अर्धवट राहून कार्डच बिघडू शकतं. मग त्यावर आणखी एक सर्किट: किल्ली काढली तरी थोडा वेळ वीज द्यायची, कंप्युटरला रीतसर बंद होऊ द्यायचं, नंतर तार तोडायची. थोडक्यात, घरचे पानावर बसलेत, हुमण निवतंय, आणि लग्नाच्या वयाचा मुलगा अंधारात गाडीत बसून कंप्युटर निजण्याची वाट बघतोय! ते सर्किट फसलं तर कंप्युटर रात्रभर जागा राहतो, सकाळी बॅटरी उतरलेली, आणि नेसत्या लुंगीवर सगळं घर गाडी ढकलतंय. उन्हाचं म्हणाल तर चिप ८० अंशांच्या पुढे तापली की कंप्युटर स्वतःहून मंदावतो. त्या एका बाबतीत मी त्याच्या बाजूची.

आणि एवढा खटाटोप करून लावतात काय, सांगा बघू? दशावतार! जत्रेत मोबाइलवर टिपलेला, रात्रभराचा. शिवाय घुमट आरत्या आणि पोरांची कार्टुनं. हार्ड डिस्कला रेंज लागत नाही, त्यामुळे कुठल्याही आडगावात सुटका नाही. कोलवाळच्या पुलाजवळ गाड्या खोळंबल्या की मागच्या सीटवर मामी संकासुराला हसतायत, आणि पुढे मामा विचारतायत, ‘आता काय म्हणाला तो?’

मामांनी विचारूनच भागवावं हे बरं. गाडी हाकताना व्हिडिओ बघायला २०१७ च्या वाहनचालन नियमांत मनाई आहे. वाट दाखवणारा नकाशा तेवढा चालतो. म्हणून शहाणे लोक पडदा मागच्यांसाठी लावतात. बाकीचे आरसा जरा खाली वाकवतात. मी काही बोलले नाही हं.

आता शेवटचं, पण कुणाला सांगू नका. ज्या बापाने डॅशबोर्डापायी मुलाशी अबोला धरला होता, तोच परवा मला बाजारात गाठून विचारतो, ‘मागचा कॅमेरा पण त्याच कंप्युटरला जोडता येतो काय गो?’ येतो, मला ठाऊक आहे. पण सांगितलं नाही. मागचा बंपर तरी जागेवर राहू दे!