सरांच्या घरचे दुबईला चाललेत म्हणे

– काकू, समोरच्या सरांच्या घरचे दुबईला चाललेत म्हणे?

– म्हणे काय, पासपोर्ट आणून दाखवला मला बाईंनी. फोटोत अशा बसल्यात, जशी दाढच दुखायली.

– ऐन मे महिन्यात कामून पण?

– अगं, यंदा 17 मेला अधिक महिना लागतो. धोंड्याचा महिना, आन् दुबईतल्या जावयाला सुट्टी नाही. मंग वाण घेऊन सासू-सासरेच निघाले. पाच दिवसांचं. एजंट म्हणाला, मेमध्ये स्वस्तात पडतं. पडंल नाहीतर काय! नोव्हेंबर ते मार्च तिकडं माणसांची रीघ असते. मेमध्ये भट्टीत कोण जातंय?

– ऊन आपल्याला काय नवं हो, काकू?

– सर पण तेच म्हणतात. परभणीचं ऊन पचवलं, वाळवंटाला काय भ्यायचं! पण आपलं ऊन कोरडं. तिथं समुद्र शेजारी, अंग नुसतं चिकचिक करतं. आन् मॉलमध्ये शिरलं की इतका गारठा की खांद्यावर शाल लागती. माझा भाचा तिथं आहे ना, तो सांगतो.

– जायचं कसं, देवगिरी एक्सप्रेसनं?

– मुंबईपर्यंत देवगिरी. गंमत बघ, परभणीहून मुंबईला अख्खी रात्र जाते, आन् मुंबईहून दुबई तीन-सव्वातीन तासांत. त्यात तिथलं घड्याळ दीड तास मागं. आपल्याकडून दहाला उडालं तर तिथल्या पावणेबाराला हजर! व्हिसा तेवढा आधी काढून न्यावा लागतो. सरांनी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्यात, एक देवघरात ठेवलीय.

– मग बाईंची करण्या-सवरण्याची धांदल असंल.

– तेच तर सांगायले. परवा गेले तर बाई परात घेऊन बसलेल्या. तेहतीस अनारसे, मोजून. खसखशीवर थापायल्या. म्हटलं, बाई, हे नेऊ नका! तिकडं खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी ना ते. बॅगेत सापडलं तर वाण राहतं बाजूला, पोलिसांत उत्तरं द्यावी लागतात. बाईंचं तोंड एवढंसं झालं. डिंकाच्या लाडवातही घातली होती.

– अगं माय! मग?

– मग काय, ते अनारसे गल्लीत वाटले. तुला नाही आले?

– नाही बाई. आमच्याकडं कोण पाठवतंय!

– असू दे, माझ्यातले देते चार. आता नवीन करायल्या, तीळ लावून. धपाटे आन् शेंगदाण्याची चटणी बांधा म्हटलं, तिला काही होत नाही. फक्त मेट्रोत डबा उघडू नका. खाताना धरलं तर 100 दिरहम दंड.

– म्हणजे किती हो?

– दोन हजारांच्या वर आपले.

– एका धपाट्याला दोन हजार! आपल्या रेल्वेत तर अख्ख्या डब्याला वास सुटतो.

– ती मेट्रो ड्रायव्हर नसलेली आहे. 2009 पासून आपली आपणच धावते. बायका-पोरांना डबा वेगळा. सरांना काळजी, ब्रेक कोण लावतं?

– पाच दिवसांत बघणार काय काय?

– एजंटानं कागद भरून दिलाय. बुर्ज खलिफा, 828 मीटर. संध्याकाळचं तिकीट महाग, म्हणून भाचा म्हणतो सकाळी जा. मग वाळूतली सफारी. आता सरांच्या कमरेला पट्टा, आन् ती गाडी वाळूच्या टेकडीवरून उड्या मारत खाली येते. मी बाईंना सांगितलं, ते खोडा. त्यापेक्षा खाडीवर जा. जुनी दुबई तिथंच आहे. एक दिरहम दिला की लाकडी होडी पलीकडं देऱ्याला सोडते, मसाल्याच्या आन् सोन्याच्या बाजारात. 1966 पर्यंत त्या मुलखात रुपयाच चालायचा, ठाऊक आहे?

– खरंच? मग सोनं आणतीलच बाई.

– त्यांना वाटतं, तिकडून येताना चाळीस ग्रॅम बायकांना माफ. ते वर्षभर तिकडं राहिलेल्यांना गं! पाच दिवसांच्या पाहुण्याला कसली आलीय माफी. कस्टम भरा नाहीतर गप शोकेस बघून या.

– आन् ते नवीन देऊळ?

– अबुधाबीचं. 14 फेब्रुवारी 2024 ला उघडलं, राजस्थानचा गुलाबी दगड नेऊन बांधलंय. आधी नाव नोंदवून जायचं. सरांनी सोमवार धरला होता, उपास म्हणून. सोमवारी बंद असतं ते.

– सोमवारी देऊळ बंद? महादेव काय म्हणत असतील!

– तिकडच्या पाण्याचं मात्र ऐकून मी गार झाले. नदी नाही, ओढा नाही, समुद्राचं खारं पाणी गोडं करून पाजतात गावाला. नळ कधीही सोडा. आपल्या जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा, दुधना, वर येलदरी धरण. आन् आपण बसायलो नळाची वाट बघत.

– अहो, पण त्या पाच दिवसांत इथं नळ आला तर? त्यांचा हौद कोण भरणार?

– तेच विचारायला येणारेत बाई संध्याकाळी. मी तुझं नाव सांगितलंय.

– माझं कामून? अनारसे तुम्ही खाल्ले ना!