आईच्या नावानं विश्रांती

मातृभक्ती आटली अशी तक्रार करणाऱ्यांनी ऐन कांदाकाढणीत पाबळला यावं. इथल्या एका सुपुत्रानं नुकतंच दंडावर ठळक अक्षरांत 'आई' कोरून घेतलं आणि त्या अक्षरांची निगा शास्त्रशुद्ध चालवली आहे. दिवसातून दोनदा सौम्य साबणानं, कोमट पाण्यानं हलकेच धुणं, स्वच्छ कापडानं टिपणं, मग मलमाचा पातळ थर. खाज सुटली तरी नख लावायचं नाही, खपली आपोआप पडू द्यायची. वरची कातडी भरायलाच दोन ते चार आठवडे लागतात. तोवर ऊन, धूळ, घाम अगदी वर्ज्य.

शिरूर तालुक्यातल्या शेतात या तीन गोष्टी सोडून फारसं काही नसल्यामुळे शास्त्रापुढे त्याचा नाइलाज झाला. 'आई'ला ऊन लागू नये म्हणून तो पंख्याखाली बसतो. कांदे आई काढते.

तिच्या हातावरही गोंदण आहे म्हणा. गोंदणारणीनं काजळीत सुई बुडवून टोचलं, वर हळद चोळली, की झालं. ना मलम, ना विश्रांती. अडाणी काळ!

ग्रामसभेनं आता रीतसर गोंदण-रजा मंजूर करावी. नियम सोपा: ज्याचं नाव कोरलं, त्यानं कोरून घेणाऱ्याचं काम करावं. रक्तदान शिबिरातही सुपुत्राला वर्षभर सूट आहेच.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या दंडावर 'बाबा' येणार आहेत. रात्रीच्या लायटीला पाणी धरायचं म्हणून म्हाताऱ्यानं आत्ताच बॅटरीत नवे सेल टाकलेत.