चुबाकाच्या सुतकाची मीमांसा

अवकाशात घडणाऱ्या चित्रपटमालिकेत पडद्यावर जे दिसते ते घडलेच, याबद्दल चाहत्यांत मतभेद नसतो. मतभेद कागदावर सुरू होतो. एक चित्रपट संपलेला असतो, दुसरा यायला तीन वर्षे असतात, आणि मधल्या काळात कंपनीच्या परवानगीने कोणीतरी त्याच पात्रांची कादंबरी लिहितो. मुखपृष्ठावर तेच चेहरे, वर तेच नाव. आता त्या कादंबरीत नायकाने लग्न केले, त्याला मूल झाले, त्याच्या मित्राचा जिवलग सोबती मेला, तर ते लग्न लागले काय, त्या मुलाला वाटणी मिळते काय, आणि सोबत्याचे सुतक किती दिवस, असे तीन प्रश्न उभे राहतात. पहिले दोन दिवाणी स्वरूपाचे आहेत. प्रस्तुत निबंधाचा भर तिसऱ्यावर आहे.

मीमांसेच्या शिस्तीप्रमाणे अधिकरणाला पाच अंगे लागतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती. विषय झाला. संशय लोहारा तालुक्यातल्या सास्तूर गावी उत्पन्न झाला. पुण्यात संगणकाच्या नोकरीला असलेला एक मुलगा सणाला घरी आला, तो पिशवीत ‘स्टार वॉर्स’ची जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन. त्याच्या चुलतभावाने या मालिकेचे सगळे चित्रपट मोबाइलवर, बरेचसे रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देता देता पाहिलेले. त्याने विचारले, “काय वाचलालास रं एवढं?” मुलगा म्हणाला, यात चुबाका, म्हणजे नायक ल्यूकच्या मित्राचा, हॅन सोलोचा, केसाळ सोबती मरतो. भाऊ म्हणाला, “मरंल कसा? परवा बघितलाय की मी त्याला.”

पूर्वपक्ष एवढाच आहे आणि तो कमालीचा मजबूत आहे. जगातल्या अर्ध्या चाहत्यांचे, म्हणजे चित्रपटवाद्यांचे, तेच म्हणणे: मूळ तेवढे खरे, बाकी पोट भरण्यासाठी लिहिलेले.

अडचण अशी की मूळ कोणते हेच इथे धड ठरत नाही. ‘स्टार वॉर्स’ अमेरिकेत पडद्यावर आला 25 मे 1977 रोजी, आणि त्याची कादंबरी दुकानात आली नोव्हेंबर 1976 मध्ये. म्हणजे सूत्राच्या सहा महिने आधी भाष्य. वर नाव चित्रपटाचे कर्ते जॉर्ज लुकास यांचे, आत हात अ‍ॅलन डीन फॉस्टर यांचा. यात आपल्याला वावगे वाटू नये. आपल्याकडे अठराच्या अठरा पुराणे व्यासांच्या नावावर आहेत आणि व्यासांनी कधी हरकत घेतलेली नाही. पुढे 1978 साली फॉस्टर यांनीच ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ लिहिली. चित्रपट पडलाच तर थोडक्या पैशांत दुसरा भाग काढता यावा, या बेताने तिची आखणी झाली होती. म्हणून कथा धुक्याच्या ग्रहावर घडते. धुक्यात नेपथ्याचा खर्च वाचतो. हॅन सोलो तिच्यात नाही, कारण पुढच्या भागासाठी त्याची भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्डचा करार झालेला नव्हता. चित्रपट तुफान चालला, धुक्याची गरज संपली, पण पुस्तक निघाले ते निघालेच. त्यात ल्यूक आणि नायिका लेया एकमेकांच्या जरा जास्तच जवळ येतात. 1983 साली पडद्यावरून कळले की ती दोघे जुळी भावंडे. ग्रंथवादी, म्हणजे कादंबऱ्याही खऱ्या मानणाऱ्या, पक्षाचे लोक या पुस्तकाचा विषय निघाला की आजही घसा खाकरतात.

असला घोळ आवरण्यासाठी 2000 सालापासून लुकासफिल्ममध्ये लेलँड ची या गृहस्थांनी एक नोंदकोश सांभाळला आणि मजकुराची प्रतवारी लागली. सर्वांत वर ‘जी’, म्हणजे जॉर्ज यांचे चित्रपट. त्याखाली ‘टी’, दूरचित्रवाणीवरचे. मग ‘सी’, कादंबऱ्या आणि कॉमिक्स. मग ‘एस’, जुने, सैल, चालले तर चालले. तळाला ‘एन’, जे घडलेच नाही. श्रुती, स्मृती, पुराण आणि शिष्टाचार ही उतरंड ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवे काही नाही. वरच्याशी विरोध आला की खालचे बाद, हा निवाडाही जैमिनींनी कधीच देऊन ठेवला आहे. गंमत ही, की श्रुतीच्या बाजूने इतक्या कडक असलेल्या या नावावरच ‘जैमिनी अश्वमेध’ हा आपल्याकडचा सर्वांत मोकाट जोडग्रंथ आहे. चंद्रहासाची कथा, प्रमिलेचे स्त्रीराज्य, सगळे तिथले. फरक इतकाच की आपली श्रुती अपौरुषेय असल्याने बदलत नाही. त्यांची श्रुती हयात होती आणि तिला स्वस्थ बसवत नव्हते. 1997 साली लुकास यांनी जुने तिन्ही चित्रपट दुरुस्त करून पुन्हा लावले, तेव्हा पहिल्या चित्रपटातल्या खानावळीत पहिली गोळी कोणी झाडली हेच बदलून गेले.

ग्रंथवाद्यांचा, म्हणजे पुणेकर भावाचा, उत्तरपक्ष असा की खालचे वरही चढते. टिमथी झान यांनी 1991 साली ‘हेअर टू द एम्पायर’मध्ये साम्राज्याच्या राजधानीला कोरुसांट हे नाव दिले, 1999 च्या चित्रपटाने ते मुकाट्याने घेतले. त्याच कादंबरीतला निळ्या कातडीचा सेनापती थ्रॉन 2016 साली पडद्याच्या मालिकेत अवतरला. ‘स्टार ट्रेक’वाले तर याहून सोवळे. पडद्यावर नाही ते नाहीच, असा त्यांचा बाणा. तरी त्यांच्या यानावरच्या सुलू या अधिकाऱ्याला पडद्यावर वर्षानुवर्षे नुसते आडनाव होते. व्होंडा मॅकिन्टायर यांनी 1981 च्या कादंबरीत त्याचे नाव हिकारू ठेवले आणि 1991 च्या चित्रपटात ते उच्चारले गेले. बारशाला दहा वर्षे लागली, पण नाव कादंबरीतलेच लागले.

आता सुतक. 1999 सालच्या ‘व्हेक्टर प्राइम’मध्ये लेखक आर. ए. सॅल्व्हाटोरे यांनी चुबाकाला मारले. हॅन सोलोच्या मुलाला वाचवून तो मागे राहिला आणि त्याच्या अंगावर आख्खा चंद्र पडला. मृत्यूचे हे कारण कोणत्याही ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत बसायचे नाही. वाचक लेखकावर तुटून पडले. मग हळूहळू निवळले आणि एकोणीस कादंबऱ्यांच्या त्या मालेत हॅन सोलोबरोबर दुःख गिळत पुढे गेले. डिसेंबर 2015 मध्ये ‘द फोर्स अवेकन्स’ लागला आणि चुबाका धडधाकट, हॅन सोलोच्या शेजारी उभा. सोळा वर्षे ज्यांनी त्याला मेलेला धरले होते त्यांच्याशी कोणी एका शब्दाने बोलले नाही.

धर्मनिबंधकार इतके निष्काळजी नव्हते. मेला समजून ज्याची क्रिया उरकली तो परत आला तर काय करावे, याचा त्यांनी विचार केला आहे, पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तो वाचायला मिळतो. परतलेल्याला तुपाच्या पात्रात बुडवून काढावे, न्हाऊ घालावे, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत आणि बायको असेल तर तिच्याशी पुन्हा लग्न लावावे. चुबाकाची भूमिका करणारे पीटर मेह्यू 7 फूट 3 इंच उंच होते. वर डोक्यापासून पायापर्यंत केस. हरिनाम सप्ताहाच्या पंगतीची मोठ्यात मोठी कढई घेतली तरी गुडघे बाहेर राहतील, आणि केसांतले तूप निघायला शिकेकाई किती लागेल याचा हिशेब कोणत्याच निबंधात नाही. यातले काही झाल्याचे पडद्यावर दिसत नाही. तेव्हा शास्त्रदृष्ट्या 2015 चा चुबाका अजून जन्मायचा आहे.

मृत्यूची बातमी ऐकल्यापासून सुतक, हाही नियम इथे नेमका लागू पडतो. परगावी असलेल्याला दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळावे. वर्ष उलटून कळले तर नुसते स्नान पुरते. म्हणजे ज्यांनी ती कादंबरी निघाल्या निघाल्या पूर्ण किमतीत घेतली त्यांना भरपूर सुतक, आणि ज्यांनी फुटपाथवरून जुनी उचलली ते आंघोळ करून मोकळे. सास्तूरच्या पुणेकर भावाची प्रत जुन्या बाजारातली होती. त्याने आंघोळ केली होती.

या गोंधळावर कंपनीचा तोडगा त्याआधीच, 25 एप्रिल 2014 रोजी आला होता. डिस्नेने 2012 साली लुकासफिल्म चार अब्ज डॉलरांच्या वर विकत घेतली होती. नवे चित्रपट काढायचे तर जुन्या कादंबऱ्यांची अडगळ नको, म्हणून जाहीर झाले की आजवरच्या जोडकादंबऱ्या यापुढे ‘लेजंड्स’ म्हणून विकल्या जातील. ल्यूकचा मारा जेडशी झालेला संसार, त्यांचा मुलगा, पडलेला चंद्र, सगळे दंतकथेत जमा. आपले विश्व एका दिवसात पुसले गेले, असा आक्रोश चाहत्यांनी केला.

हे वाक्य सास्तूरच्या पारावर म्हणू नये. तिथे 30 सप्टेंबर 1993 ची पहाट पाहिलेली माणसे बसलेली असतात. भूकंपानंतर या पट्ट्यातली कितीतरी गावे नाव तेच ठेवून दुसऱ्या जागी उभी राहिली. जुन्या गावात कोणाची भिंत कोणाच्या भिंतीला लागून होती हे म्हातारी माणसे सांगतात, आणि नव्या गावात जन्मलेले पोर ते ऐकताना ‘हे आता लागू नाही’ म्हणत नाही. पुणेकर भावाने आक्रोशाचे वाक्य पारावर उच्चारले नाही, यात त्याच्या संगोपनाचे श्रेय आहे.

शिवाय जोडकथांच्या बाबतीत सास्तूरच्या धाराशिव जिल्ह्याचा हात कोणी धरू शकणार नाही. तुळजापूरला घाटशीळ आहे. तिथून देवीने रामाला लंकेची वाट दाखवली. वाल्मीकींकडे हे प्रकरण नाही. नळदुर्ग नल राजाचा. येडशीजवळ रामलिंगला जटायू पडला. तोच जटायू नाशिक जिल्ह्यात टाकेदलाही पडला, आंध्रात लेपाक्षीला पडला आणि केरळात चडयमंगलमला पडला. चारही ठिकाणी हात जोडणारा माणूस मी पाहिला आहे. त्याला कोणता जटायू खरा असे विचारले तर तो विचारणाऱ्याकडेच काळजीने पाहतो.

खुलासा मागणारे आपल्याकडेही झाले, पण ते पुण्यात झाले. भांडारकर संस्थेने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम धरले, 1,259 हस्तलिखिते ताडून पाहिली आणि 1966 साली ते पुरे केले. त्यात व्यासांचा लेखनिक गणपती परिशिष्टात गेला. स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचे बोलणे तळटिपेत गेले. पांडित्य असे की डिस्नेने पाय धरावेत. आणि परिणाम? लगेच 1967 साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि घरोघर कर्णासाठी डोळे पुसले गेले. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ही आले, कोरड्या डोळ्यांचे. मराठी वाचकांतले दोन पक्ष तेव्हापासून एकमेकांना लग्नकार्यात भेटतात आणि जेवण होईपर्यंत विषय काढत नाहीत. तिकडे शाहीर विठ्ठल उमपांनी ‘जांभूळ आख्यान’ गाजवले. त्यात द्रौपदीचे मनच कर्णावर जाते. पुण्याने नकार तळटिपेत टाकला होता, शाहिराने होकार मिळवून दिला.

यावरून सिद्धान्त निघतो तो असा: ज्या जोडकथेला दगड मिळाला ती रद्द करता येत नाही. घाटशीळ आहे, तोवर तो प्रसंग आहे. चित्रपटवाद्यांची खरी ताकद हीच आहे, फक्त त्यांना ती कळलेली नाही. ट्युनिशियातल्या तताविन या गावावरून त्यांच्या वाळवंटी ग्रहाचे नाव पडले, आणि त्याच देशाच्या वाळूत उभे राहिलेले चित्रीकरणाचे घुमट बघायला माणसे पैसे खर्चून जातात. कादंबऱ्यांना असे काही नाही. ज्या सर्नपिडाल ग्रहावर तो चंद्र पडला त्याचा एक खडासुद्धा कोणाला दाखवता येत नाही. मी ग्रंथवादी भावाला सुचवले की बालाघाटात काळ्या दगडाला तोटा नाही. माळावरचा एखादा बरा उंचसा बघून, याखाली चुबाका आहे, असे दोन पिढ्या सांगत राहावे. चुलतभावाला योजना पसंत पडली. त्याचा प्रश्न एकच होता: “शेंदूर कुणी लावायचा?”

राहिली संगती, म्हणजे खर्चाची बाजू. 2020 च्या नोव्हेंबरात फॉस्टर यांनी अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेसह जाहीर तक्रार केली की डिस्नेकडे हक्क गेल्यापासून जुन्या पुस्तकांचे मानधन येईनासे झाले आहे. कंपनीची भूमिका त्यांच्या सांगण्याप्रमाणे अशी, की आम्ही हक्क विकत घेतले, देणी नव्हेत. म्हणजे जमीन नावावर करून घ्यायची आणि सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा आधीच्या मालकाकडे ठेवायचा. लोहाऱ्याच्या मंडळ अधिकाऱ्याने ही फेरफार नोंद मंजूर केली नसती.

निर्णय: चुबाका 1999 साली मेला आणि 2015 साली हयात होता, दोन्ही ग्राह्य. ज्यांनी सुतक पाळले त्यांचे पाळणे फुकट गेले नाही. त्यांनी आता गोड करून जेवायला हरकत नाही. पुनर्जन्माच्या संस्काराला लागणारे तूप न्यायाने कंपनीने पुरवायला हवे. तथापि तूप हे देणे आहे, हक्क नव्हे, हे ध्यानात घेऊन संबंधितांनी डबे घरूनच आणावेत.